गाठींची लाइन

लहानपणी मला कुणी विचारलं, "तुजा बाबा कुठं असतो गो?" की मी सांगायचे, "लायनीवर." विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि माझंही. लाइन हे आसनगावच्या पलीकडचं एखादं गाव असावं, अशी मी सहा वर्षांची होईपर्यंत माझी पक्की समजूत होती. त्या गावात दगड फार असणार, कारण बाबांच्या हातापायांना कायम खडीचे ओरखडे असायचे. आणि तिथे सगळीकडे लोखंडाचा वास येत असणार, कारण तो बाबांच्या सदऱ्याला यायचा. त्या गावातली माणसं चांगली असणार हेही मी ठरवून टाकलं होतं. बाबा येताना नेहमी शेंगदाण्यांची पुडी आणायचे, आणि ती लाइनवाल्यांनीच माझ्यासाठी दिलेली असते असं सांगायचे.

बाबा रेल्वेत गँगमन होते. आठवडाभर रुळांशेजारच्या गँगचाळीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. आमचं घर किन्हवलीपासून कोसभर आत, पंचवीस-तीस उंबऱ्यांच्या वाडीत. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. थोडी भातजमीन होती, आणि आई वाडीतल्या बायकांबरोबर पाळीपाळीनं सगळ्यांची भातं लावायला जायची. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. त्या वाडीत इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. लाइन मात्र सगळ्यांना येत होती.

म्हणजे बघा, किन्हवलीला घासलेट आलं की त्याची लाइन लागायची, आणि आई मला बाटली घेऊन त्या लाइनीत उभी करून मिठाचं बघायला जायची. शाळेत प्रार्थनेची लाइन असायची. वह्यांत निळ्या लाइनी असायच्या आणि मास्तर ओरडायचे, "लाइन सोडून अक्षर खाली लोंबलं तर याद राखा." शहापूरला कचेरीच्या मागं पोलीस लाइन होती, तिथली माणसं आणि बाबांच्या लाइनीवरची माणसं एक नव्हेत, हे कळायला मला बराच काळ लागला. एखाद्या मुलाचं लग्न ठरलं किंवा कुणी नोकरीला चिकटला, की तो "लायनीला लागला." आणि माझ्यासारखी एखादी तोंडाळ पोर ऐकेनाशी झाली, की मोठी माणसं म्हणायची, "हिला लायनीवर आनला पायजे." मला लाइनीवर आणायचे प्रयत्न बरेच झाले. त्यांना यश आलं असं माझे विद्यार्थी म्हणणार नाहीत.

कारण पुढं मी मास्तरीण झाले, तीही तापट. पण तो तापटपणा मुळात गर्वाचा होता, आणि गर्व होता सरळ लाइनीचा. चौथीत मी पट्टीशिवाय सरळ लाइन आखायचे. मास्तर माझी पाटी उचलून वर्गाला दाखवायचे. त्यामुळे जगात जे जे वाकडं आहे ते आपल्याला लगेच दिसतं, आणि दिसलं की बोलून दाखवायचं, असा मला नादच लागला होता.

त्याच वर्षी आमच्या वाडीत भाताची लाइन आली.

तोपर्यंत आमच्याकडे भात लावायचं म्हणजे बायकांनी चिखलात एका रांगेनं वाकायचं, रोपांची मूठ डाव्या हातात धरायची आणि उजव्या हातानं दोन-दोन तीन-तीन काड्या रोवत मागं मागं सरायचं. प्रत्येकीच्या समोरचा पट्टा ही तिची पात. बांधाला लागून जी पहिली पात, ती माझ्या आईची. तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्या चालायच्या आणि गाणंही तीच उचलायची. पहिल्या पातीला मागं टाकून कुणी पुढं सरकायचं नाही, हा बायकांचा अलिखित नियम होता. तसं करणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला म्हातारी म्हणण्यासारखं. रोपं कुठंही रोवा, अंतर कमीजास्त झालं तरी भात उगवायचंच. शेवटी सगळं शेत हिरवं दिसायचं आणि कुणाची पात कुठली ते देवालाही सांगता आलं नसतं.

शेणव्याकडून एक तरुण ग्रामसेवक सायकलवर यायचा. मनानं सरळ, पण फार घाई असलेला माणूस. त्या पावसाळ्यात तो सुतळीचं भेंडोळं घेऊन आला. सुतळीला जागोजागी लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. बांधावर उभा राहून त्यानं सांगितलं, आता जपानी पद्धतीनं लावायचं, लाइनीत, वीतभर अंतर सोडून. मधून हवा खेळते, कोळपं फिरतं, भात जास्त येतं.

आमच्या शेजारची काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाताला काय घासलेट घ्यायला हुबं करायचाय?"

सगळ्या हसल्या. पण शेत काकीचंच होतं, आणि सरकारी माणसाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. दोघींनी दोरी ताणून धरली, बाकीच्यांनी चिंधीखाली रोप रोवलं. दोरी प्रत्येक ओळीला हलवायची तर दिवस बुडाला असता, म्हणून ठरलं की दहा ओळींना एकदा दोरी लावायची आणि मधल्या नऊ ओळी नजरेनं, आधीची ओळ बघून लावायच्या.

दुपारी मी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन गेले. बांधावर टोपली ठेवली आणि शेताकडं पाहिलं. सगळ्यांच्या ओळी थोड्याफार नागमोडी होत्या, पण बांधाकडच्या पहिल्या पातीतल्या ओळी पार कलंडल्या होत्या. चौथीतल्या हुशार मुलीला ते सहन होईना. मी मोठ्यानं म्हणाले, "आये, तुजी लाइन वाकडी."

बायका हसल्या. त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. पोर बापासारखी लाइनीवाली निघाली, असंच काहीतरी कुणी म्हणालं. आई वाकलेलीच होती. तिनं मान वर केली, माझा आवाज आला त्या बाजूला तोंड केलं आणि म्हणाली, "तुला दिसतंय ना, मंग झालं."

आणि पुन्हा खाली वाकली. त्या दिवशी तिनं पुढं गाणं उचललं नाही. मी मात्र आपण बरोबर बोललो या समाधानात रिकामी टोपली हलवत घरी गेले. आजही ती टोपली आठवली की माझा मलाच राग येतो.

संध्याकाळी ग्रामसेवक पुन्हा आला. त्यानं पाहिलं, आणि काकीला बाजूला घेऊन सांगितलं की पहिली पात सरळ हवी, तिच्यावरून बाकीच्या जुळतात. सोमवारपासून तिथं दुसरी कुणी घ्या, या बाईंना मुठी वाहायला द्या. तो काही वाईट बोलला नाही. पण रोपांच्या मुठी वाहून आणणं हे आमच्याकडे पोरींचं आणि गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांचं काम. आई तेव्हा तिशीतली होती.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, भात लावला आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "आज मुठी, उद्या पडवी."

मला अर्थ लगेच कळला. आमच्या वाडीत ज्याचं अंग कामातून गेलं त्याला पडवीला बसवायचे. समोर धान्य वाळत घालायचं, हातात काठी द्यायची आणि कोंबड्या हाकायला सांगायचं. उपाशी कुणी ठेवायचं नाही, वेळेवर पेज मिळायची. पण पडवीला बसलेलं माणूस पुन्हा अंगणात उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. आईला कशाचीच फारशी भीती नव्हती, ना सापाची, ना माणसांची. पण पडवीची भीती तिला होती, आणि ती तिच्या आवाजात मी त्या संध्याकाळी ऐकली.

तो शनिवार होता, अंधार पडल्यावर बाबा आले. मी त्यांना शेंगदाणे खाता खाता सगळं सांगितलं, वाकड्या लाइनीचं, मुठींचं, माझ्या हुशारीचंसुद्धा. ते रविवारी सकाळी म्हणाले, "चल, दाखव."

बाबांच्या गँगचा मुकादम रूळ सरळ आहे का ते कसं पाहायचा, हे त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. रुळाजवळ उकिडवं बसायचं, गाल जवळजवळ लोखंडाला टेकवायचा, एक डोळा मिटायचा. लांबवर कुठं रूळ बोटभर सरकला असेल तर तो तिथूनच दिसतो. बाबा काकीच्या बांधावर तसेच बसले. चिखलात हात टेकून, एक डोळा मिटून, आईच्या पातीकडं पाहत राहिले. बराच वेळ. मग मला जवळ ओढून बसवलं.

"ह्यो बघ दोरीखालचा. कसा हाय?"

"सरळ."

"आता दोरी उचलल्यावर?"

पुढची ओळ थोडी डावीकडं झुकली होती. त्या पुढची आणखी. नववी ओळ पार बांधाकडं गेली होती. मग पुन्हा दोरीची ओळ, पुन्हा सरळ, आणि पुन्हा हळूहळू डावीकडं. शेवटपर्यंत तसंच.

बाबा म्हणाले, "बाकीच्यांचं बघ. कदी हिकडं, कदी तिकडं. हात चुकला की लाइन दोनी अंगाला जाते. हिची एकाच अंगाला जाते. हिचा हात नाय चुकत गो. डोला चुकतो."

 एकदम सगळं आठवायला लागलं. वर्षभर सुईत दोरा मीच ओवत होते. तांदूळ निवडायला आई मलाच बसवत होती आणि मी कुरकुर करत होते. दिव्यात घासलेट ओतताना ती आत बोट घालून बघायची. रस्त्यानं जाताना ती नेहमी मला उजव्या बाजूला घ्यायची. मला सगळं दिसत होतं, आणि एवढं दिसत नव्हतं. बांधावर बसून मी रडायला लागले. बाबांनी डोळे पुसू दिले नाहीत, कारण माझे हात चिखलाचे होते. आपल्या सदऱ्याच्या टोकानं त्यांनीच ते पुसले. त्या टोकाला लोखंडाचा वास येत होता.

बाबांनी घरी येऊन आईला काहीच विचारलं नाही. रुळांच्या कडेला घायपाताची कुंपणं असत. त्याचा वाळवलेला वाख ते कधीमधी आणून ठेवायचे. तो काढला, ओटीवर बसले आणि मांडीवर वळून दोरी करायला लागले. चांगली पाच-सहा हात लांब झाली तेव्हा आईला हाक मारली.

"अगो, वीत दे जरा."

आई भांडी टाकून आली. बाबांनी तिचा हात धरून दोरीवर ठेवला. तिनं अंगठा आणि करंगळी ताणली. करंगळी जिथं पोचली तिथं बाबांनी गाठ मारली. "पुढं." आईनं अंगठा त्या गाठीवर ठेवला, पुन्हा वीत ताणली. पुन्हा गाठ. तिसऱ्या की चौथ्या गाठीला आईचा हात थांबला.

"तुमाला कुनी सांगितला?"

"तुज्या लायनीनं."

आईनं अंगठा गाठीवर तसाच दाबून धरला. मग हळूच म्हणाली, "उजव्या डोल्यानं धुकाच दिसतो. डाव्याचा पन काय खरा नाय."

"वीत दे," बाबा म्हणाले.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझ्या आईबापांनी एकमेकांचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी मात्र दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका गाठीला, तो धरलेला होता. दोरीच्या दोन्ही टोकांना बाबांनी सागाच्या दोन खुंट्या बांधल्या. संध्याकाळी गाडी पकडायला निघताना आईला एवढंच म्हणाले, "पात सोडू नको."

सोमवारी आई दोरी कमरेला गुंडाळून शेतात गेली. मी शाळा बुडवून मागोमाग गेले. त्याबद्दल मंगळवारी पट्टी खाल्ली, पण ते वसूल झालं. बायका आधीच उभ्या होत्या, डोक्यावर इरली, पाय चिखलात. कुणीतरी आईसाठी मुठींची पाटी बाजूला काढून ठेवली होती. आई पाटीला वळसा घालून पहिल्या पातीवर जाऊन उभी राहिली. एक खुंटी बांधाच्या कडेला रोवली, दुसरी आपल्या आणि काकीच्या पातीच्या मधोमध. वाकली, डाव्या हाताच्या बोटांनी गाठ चाचपली आणि तिथं रोप रोवलं. पुढची गाठ, पुढचं रोप. डोळे कुठं भलतीकडंच होते.

पण खुंट्या उपटायच्या, मागं रोवायच्या, पुन्हा वाकायचं, यात वेळ जात होता. चार ओळींतच काकीची पात आईच्या पुढं गेली. त्याच्या पलीकडच्याही गेल्या. काकीनं मान वळवून पाहिलं. दोरीवर फिरणारी बोटं पाहिली, आईचं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं कळलं हे मला बांधावरून दिसलं.  तशीच वाकलेली राहून तिनं पायाच्या अंगठ्यानं आपल्या बाजूची खुंटी उपटली, वीतभर मागं सरकवली आणि टाचेनं दाबली. आईनं दोरी चाचपली, ती आधीच मागं आलेली. क्षणभर थांबली. मग पुढचं रोप रोवलं.

त्या दिवसापासून काकीकडची खुंटी काकीच्या पायानं हलायची. काकीनं आपला वेग थोडा कमी केला, तिच्या पलीकडचीनं तिचा, आणि दुपारपर्यंत सगळी रांग पुन्हा पहिल्या पातीबरोबर आली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईच्या बोटांना गाठी इतक्या पाठ झाल्या की काकीच धापा टाकायला लागली. चौथ्या दिवशी आईनं गाणं उचललं.

ग्रामसेवक आला तेव्हा त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पहिली पात पट्टीनं आखल्यासारखी होती. "बघा, मी काय सांगत होतो," असं तो तीनदा म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात शहापूरहून एका साहेबांना जीपमधून घेऊन आला. साहेब बांधावरून चालत आले, आईच्या पातीसमोर थांबले आणि त्यांनी विचारलं, या बाई दोरीला हात लावून का लावतात?

आई थिजली.  काकी चिखलातून म्हणाली, "आमच्यात लाइन हातानं धरतात, साहेब. नुस्त्या डोल्यानं ती सुटते."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन वाड्यांतल्या चांगल्या धडधाकट डोळ्यांच्या बायका डाव्या हातानं दोरी चाचपत भात लावताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. सरकारनंच तसं सांगितलं आहे, असं त्या म्हणत होत्या. हे आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

त्या दिवाळीत बाबांनी तिला ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकत चालली आहे, आहे ती नजर जपा. ती जपली, आणि तरीही दरवर्षी थोडी थोडी गेली. पण पहिली पात आईनं पुढं बरीच वर्षं सोडली नाही. दर ज्येष्ठात बाबा नवी दोरी वळायचे, कारण चिखलानं जुनी कुजायला यायची. तिच्या हातातून वीत मागून घेऊन गाठी मारायचे. जुन्या दोऱ्या मात्र आई टाकू द्यायची नाही. धुऊन, वाळवून पडवीतल्या खुंटीला अडकवायची. सगळ्यांत शेवटच्या दोन पावसाळ्यांत तिला काहीच दिसत नव्हतं, हे मला, बाबांना आणि काकीला माहीत होतं. बाकीच्यांना माहीत असेल तर त्यांनी ते तोंडावर येऊ दिलं नाही.

मधल्या काळात मी सातवीची फायनल पास झाले, ट्रेनिंग झालं आणि मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेवर नेमणूक झाली. आईनं वाडीभर सांगितलं, "माजी पोरगी लायनीला लागली." मुरबाडला खोली घेऊन राहायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिथली माणसं 'लाइन' हा शब्द जरा दुखऱ्या आवाजात म्हणतात. "आमच्याकडं लाइन नाय ना बाई," म्हणजे रेल्वे नाही, सगळी मदार एसटीवर. पुढं किन्हवलीला विजेचे खांब आले. तिथं आता संध्याकाळी लाइन यायची आणि वारा सुटला की लाइन जायची. मी शनिवारी घरी गेले की ही नवलाई आईला सांगायचे. ती म्हणायची, "मला काय, मला लाइन आली काय न् गेली काय. पन तुला वाचाया बरा."

बाबा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. छातीत कळ आली आणि संपलं. आई एकटी राहिली. पाणी काकी भरून द्यायची, स्वयंपाक आई स्वतः करायची. मला मुरबाडला झोप लागायची नाही. एका रविवारी मी ठरवूनच गेले आणि म्हणाले, आता बास, माझ्या खोलीवर चल. इथं ठेचकाळशील, पडशील, मी कुठं कुठं बघू. दिवसभर बसून राहा, मी आयतं हातात देईन.

आई शांतपणे म्हणाली, "मंजे मुरबाडची पडवी."

मला राग आला. माझा राग तुम्हाला एव्हाना ठाऊक झाला आहे. मी म्हणाले, तुला इथं अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नाही, मग पडवी इथं काय न् तिथं काय. बोलले आणि लगेच कळलं की हे बोलायला नको होतं. पण शब्द मागं घ्यायची सवय मला कधीच नव्हती. पिशवी उचलली आणि दुपारच्याच एसटीनं परत गेले. पुढचे दोन शनिवार परीक्षांचं कारण सांगून गेले नाही. परीक्षा होत्या, खोटं नाही. पण खरं कारण तोंड दाखवायची लाज हे होतं.

तिसऱ्या शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारच्या गाडीत बसले, मनात काय बोलायचं ते जुळवत. आमच्या वाडीचा थांबा म्हणजे सडकेच्या कडेचा एक मैलाचा दगड. तिथून घर पन्नास-साठ पावलं आत. गाडी थांबली, मी उतरले, धुरळा खाली बसला. मैलाच्या दगडाजवळ माझी आई उभी होती. एकटी. नऊवारी नीट नेसलेली, केस चोपून बसवलेले, आणि डाव्या हातात दोरी.

दोरी तिच्या हातातून मागं जात होती. मी तिच्यावरून नजर मागं मागं नेली. मैलाच्या दगडापासून बाभळीला, बाभळीपासून काकीच्या कुंपणाला, तिथून उकिरड्याला वळसा घालून गोठ्याच्या मेढीला, मग शेवग्याला, आणि शेवग्यापासून आमच्या दाराच्या चौकटीला. इतक्या वर्षांच्या सगळ्या दोऱ्या एकाला एक जोडलेल्या. मधल्या खुंट्या काकीनं ठोकल्या होत्या, हे नंतर कळलं. आणि सबंध दोरीवर, वीतवीतभर अंतरानं, बाबांनी मारलेल्या गाठी.

"कवाधरनं हुबी हायेस?" मी विचारलं. 

"गाडीचा टाइम मला म्हायती हाय," ती म्हणाली. "मागल्या दोन शनिवारी पन आलेली."

 तिनं दोरी जराशी ओढून ताणली, बोटांनी गाठ चाचपली, आणि माझ्याकडं तोंड करून विचारलं, "तू लायनीची शानी ना. बघ गो, सरळ हाय का?"

ती सरळ नव्हती. सात ठिकाणी वळलेली होती, मधे लोंबत होती, उकिरड्यापाशी तर पार कोनात दुमडली होती. दहा बायकांच्या समोर जे मोठ्यानं बोलले होते ते मला आठवलं, आणि तिनं दिलेलं उत्तरही आठवलं.

"तुला मी घावले ना आये," मी म्हणाले, "मंग झालं."

ती हसली. मग माझ्या हातातली पिशवी तिनं चाचपून ओढून घेतली, स्वतःच्या खांद्याला लावली आणि वळून गाठीमागून गाठ धरत घराकडं चालायला लागली. मुरबाडचं नाव मी पुन्हा काढलं नाही. तिच्या मागं दोन पावलं ठेवून चालले, आणि तिच्या पुढं जायचं नाही एवढं सांभाळलं.